रोहूच्या ओठातला गळ

त्या रोहूच्या ओठात अडकलेला गळ माझा आहे, हे मला पाहताक्षणी कळलं.

आषाढ संपत आला होता, धानाच्या रोवणीचे दिवस. धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावात मी उपकेंद्राची नर्स होते आणि तापाचे रुग्ण शोधत घरोघर फिरत होते. एका अंगणात पाच-सहा बायका वाकून काहीतरी पाहत होत्या. मधे पळसाच्या पानांवर हातभर लांब रोहू पडला होता. नाल्याचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरलं तेव्हा तो वर चढून आला असणार. पाणी उतरलं आणि त्याला परतीची वाट सापडली नाही. सकाळी रोवणीला गेलेल्या त्या घरच्या सुनेला तो चिखलात मेलेला दिसला. त्याच्या खालच्या ओठातून गळ आरपार गेला होता आणि गळाला वीतभर तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, लोंबत होता.

गळाच्या दांड्यावर लाल रेशमाचे वेढे होते आणि त्यांवर नेलपॉलिशचा हात दिलेला. अशी गाठ त्या गावात दुसरं कोणी बांधत नव्हतं. ती माझ्या वडिलांची रीत. आमचं घर चामोर्शीकडे. वडील दर रविवारी तलावावर गळ घेऊन बसायचे, मला शेजारी बसवायचे, आणि घरी आल्यावर आईची नेलपॉलिशची बाटली गुपचूप उघडायचे, गाठ पाण्यानं सुटू नये म्हणून. मासे त्यांनी कधी विकले नाहीत, फार खाल्लेही नाहीत. त्यांना नुसतं बसायला आवडायचं. नोकरी लागल्यावर मी पेटीत कपड्यांखाली त्यांची गळाची काठी घेऊन इकडे आले होते.

"कोनाचा होय हा गळ?" एकीनं विचारलं.

कोणी बोललं नाही. मीही नाही. मी तापानं फणफणलेल्या सासूच्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि पुढच्या घरी गेले. तेव्हाच बोलले असते तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता तेवढी खात्री नाही.

गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे डोह आहे. मी यायच्या आधी काही वर्षं त्या डोहात कोणी विजेची तार सोडून, कोणी विष कालवून मासे मारले होते. पांढऱ्या पोटांनी पाणी झाकून गेलं होतं, असं सांगायचे. त्यानंतर ग्रामसभेनं नियम केले. मृग लागला की पोळ्यापर्यंत डोह बंद. त्या दिवसांत मासे अंडी घालायला वर चढतात, म्हणून गळ नाही, जाळं नाही, नाल्याच्या तोंडाशी बांबूचे सापळेही नाहीत. एरवी गळ कधीही टाका, जाळं मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या दिवशीच. विष आणि करंट तर कधीच नाही. पावसाळ्यात सरकारचीही बंदी असते, पण तिचा कागद तालुक्याला. गावाचा नियम गावाला तोंडपाठ होता. मृगाच्या आदल्या दिवशी घरोघरची जाळी आणि गळ गोळा करून गोटुलात, म्हणजे गावाच्या सभेच्या जागेत, आढ्याला टांगत. ते पोळ्याला उतरवत.

माझी काठी कोणी मागितली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. या लोकांचा आपल्यावर केवढा विश्वास, असं मी घरी फोनवरसुद्धा सांगितलं होतं.

आता तो गळ. लाल वेढ्यांचे गळ दोनच ठिकाणी होते, माझ्या पत्र्याच्या डबीत आणि गावातल्या आशा कार्यकर्तीकडे. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सगळे तिला बाई म्हणायचे, मीही म्हणायची. पाड्यापाड्यांवर आम्ही दोघी सोबत चालायचो. लसीचा डबा एकदा तिच्या खांद्यावर, एकदा माझ्या. मासा म्हणजे मीन, इथपासून गोंडी तिनंच मला शिकवली. रविवारी मी डोहावर बसले की तीही यायची आणि पानांचे द्रोण टाचत बसायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी तिला माझ्या हातानं बांधलेले दोन गळ दिले होते. "टाकीन कधी तरी," असं म्हणून तिनं ते पदराच्या गाठीत बांधले होते.

मृगापासून मी डोहाकडे फिरकले नव्हते. मग उरलं कोण?

पहिल्या दिवशी मी हा विचार झटकला. दुसऱ्या दिवशी डबी उघडून गळ मोजायला बसले आणि लक्षात आलं, मुळात किती होते हेच मला आठवत नाही. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत मी राहायची. दाराला कडी असायची, कुलूप क्वचित. कोण कोण आत येऊन गेलं असेल? अंगणवाडी सेविका, औषधांची खोकी आणणारा, सरपण टाकायला येणारी म्हातारी. एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. त्या सगळ्यांवरून फिरून मन पुन्हा बाईपाशीच येऊन थांबायचं.

एकदा तिच्यावर संशय बसला तसं मला भलतंच दिसायला लागलं. सकाळी ती उपकेंद्रात यायची तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं असायचं. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, तिकडून येताना पाणी लागत नाही.

"बाई, कुठून येऊन राह्यल्या?" मी विचारलं.

"कुठून नाई, अशीच," ती म्हणाली आणि रजिस्टर उघडून बसली.

पूर्वी ती डोळ्याला डोळा देऊन बोलायची. आता पायांकडे पाहायची, माझ्या पायांकडे. एक दिवस सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "शिस्टरबाई, आजकाल रविवारी काय करता तुम्ही?" मला वाटलं, मी डोहाकडे येते की नाही हे काढून घेतेय, म्हणजे तिला मोकळीक. मी म्हटलं, "झोपते." तिनं मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं नाही, आणि न पटण्यासारखं काय होतं हे मला कळेना.

गावाचं वागणंही बदललं. लसीकरणाच्या दिवशी एरवी दारात पायताणं मावायची नाहीत. त्या वेळी चारच बाया आल्या, त्याही बाळ पुढं करून, तोंड फिरवून. बोरिंगवर मी पाण्याला गेले की बोलणं थांबायचं. एकदा मी पोचायच्या आधीच ऐकू आलं, "सरकारी मानसाले कायचा नियम?" आणि मग कोणीतरी घसा खाकरला. सगळ्यात वाईट म्हणजे खालच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, एका पोरीला तीन दिवस ताप होता, हे मला कोणी सांगितलंच नाही. तिची आई तिला पाठीवर बांधून पावसात धानोऱ्याला घेऊन गेली. माझ्या दारावरून गेली. तिथे तपासलं तर मलेरिया निघाला. पोर बरी झाली, पण मी त्या रात्री जेवले नाही.

मला राग आला तो गावाचा नाही, बाईचा. तिनं केलं आणि भोगतेय मी, हे मी मनात इतक्यांदा म्हटलं की ते खरंच झालं.

चार दिवसांनी भुमिया आले. भुमिया म्हणजे गावाचे देव पाहणारा माणूस. मृगाला डोह बंद करताना आणि पोळ्याला उघडताना पूजा तेच करत. वयस्कर, काटक, बोलायला कमी. मी त्यांना भाऊ म्हणायची.

"जोहार, बाई."

"जोहार, भाऊ. बसा."

ते बसले नाहीत. धोतराच्या सोग्यातून त्यांनी पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रोहूचा खालचा जबडा, चुलीवर धुरवून वाळवलेला, गळासकट. त्यांनी तो माझ्या टेबलावर, गोळ्यांच्या पाकिटांशेजारी ठेवला.

"हा तुमचा होय का?"

"हो. बांधला मीच. पण टाकला मी नाही, भाऊ. मृगापासून मी तिकडे गेलेच नाही."

"मंग कोनं टाकला?"

ते शांतपणे उभे होते. घाई नव्हती, धाकही नव्हता. माहीत नाही, असं मी म्हणू शकत होते, आणि तेच खरं होतं. पण बोरिंगवरची ती कुजबुज, पाठीवर पोर बांधलेली ती आई, हे सगळं डोळ्यांसमोर आलं.

"यातले दोन गळ मी बाईंना दिले होते," मी म्हटलं.

त्यांनी जबडा परत पानात गुंडाळला. "बरं," म्हणाले, आणि दारातून वाकून बाहेर पडले. खोटं तर मी बोलले नाही, असं मी स्वतःला संध्याकाळपर्यंत सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी बाई कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, गोटुलात सभा आहे.

दुपारची वेळ. पाऊस थांबला होता, पण कौलांतून थेंब गळत होते. वर आढ्याला गावाची सगळी जाळी लटकलेली, बांबूचे सापळे, सुतळीत ओवलेले गळ. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मला कोणी जागा दाखवली नाही. मी बायांच्या कडेला भिंतीशी टेकले. बाई समोर होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

बोलणं गोंडीत सुरू झालं. मला अर्धंमुर्धं कळत होतं. मग भुमियाभाऊ माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "शिस्टरबाई म्हनतात, गळ त्यायचा, पर टाकला त्यायनं नाई. दोन गळ आशाबाईले देल्ले होते. आता आशाबाईनं सांगाव."

बाई उठली. कमरेची चंची सोडली, त्यातून बाभळीच्या लाकडाचा एक तुकडा काढला आणि सभेच्या मधे ठेवला. त्यात दोन गळ रोवलेले होते. लाल वेढे अजून चकचकत होते. त्यांना पाणी लागलेलंच नव्हतं.

"हे तिचे दोन," ती म्हणाली. "मले गळ टाकता येत नाई. शिकाचंही नव्हतं. मी डोहावर जात होती ते तिच्यासोबत बसाले."

कोणीतरी मागून विचारलं, "मंग रोज पाहाटे डोहाकडं काऊन जाऊन राह्यली होती तू?"

तिनं भुमियाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

"भाऊनंच सांगतलं होतं," बाई म्हणाली. "रोहू सापडला त्याच दिवशी. तू शिस्टरसोबत फिरतेस, तिच्यावर नजर ठेव म्हने. मी रोज पाहाटे जाऊन चिखलात पाह्यत होती, तिच्या चपलीचा ठसा दिसते का."

मी ज्या ओल्या लुगड्यावरून तिला चोर ठरवलं होतं, ते माझा माग काढताना ओलं झालं होतं. ती माझ्या पायांकडे का पाहायची, तेही आता कळलं. कुठे पाहावं हे मला सुचेना. एक क्षण तर मला तिचाच राग आला. सोबत चालायची आणि माझ्यावरच नजर ठेवायची! मग आठवलं, मी वेगळं काय करत होते?

"दिसला का ठसा?" ग्रामसभेच्या अध्यक्षानं विचारलं.

"एकही नाई."

"मंग हा आला कुठून?" त्यानं पानातला जबडा पुढं सरकवला.

तो हातोहात फिरला. पुरुषांनी उलटसुलट करून पाहिला, कोणी म्हणालं डबीतला कोणीतरी चोरला असेल, कोणी पलीकडच्या गावाचं नाव घेतलं. बाईच्या हातात आला तेव्हा तिनं तो दारातल्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग गळ अंगठ्यानं हलवून पाहिला. तो त्या भोकात सैल फिरत होता.

"हे पाहा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "शिस्टरबाई, ताजी जखम अशी असते का? तुम्हीच शिकवलं ना मले, ओली कोनती अन् भरलेली कोनती. याची कड पाहा. पोरीचं नाक टोचल्यावर सहा महिन्यांनी भोक होते, तसं झालं आहे हे. गोल, कडक. हा गळ या मीनानं लई दिवस घातला आहे, नथ घालावी तसा."

बायांमधे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. भुमियाभाऊंनी जबडा मागून घेतला, सुरीच्या टोकानं गळ खरवडला. नेलपॉलिशखालचा भाग लाल होता, बाकी सगळा गंजानं खाल्लेला. वाकवला तसा तो मोडला.

"औंदाच्या पान्यातला नाई," ते म्हणाले. "मृगाच्या आधीचा होय."

आणि तेव्हा मला वैशाखातली ती संध्याकाळ आठवली. आठवली म्हणजे विसरले नव्हतेच, बाजूला सारून ठेवली होती. काठी एकदम वाकली होती, मोठा मासा होता, मी घाईनं ओढला आणि तंगूस तुटला. तंगूस जुना होता, बदलायला हवा हे मला माहीत होतं. द्रोण टाचत बसलेल्या बाईनं मान वर करून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मुळीत अडकला." वडिलांच्या हातून मासा असा कधी गेला नव्हता, म्हणून लाज वाटली होती. एवढ्यासाठी मी खोटं बोलले होते.

मी उभी राहिले. गोंडीत बोलायला सुरुवात केली, शब्द अडले, मग मराठीत सगळं सांगितलं. मासा सुटला ते, मुळीत अडकला म्हणाले ते, आणि अंगणात गळ ओळखूनही गप्प बसले ते. शेवटी म्हटलं, "भाऊ, मला माहीत नाही एवढंच मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी बाईंचं नाव घेतलं. ते चुकलं."

 मग भुमियाभाऊ म्हणाले, "बंदी कोनंच मोडली नाई. मंग दंड कायचा?" आणि माझ्याकडे वळून, "पर बाई, तुमची काठी आमी मांगली नाई, ते आमचं चुकलं. तुमाले पाहुनी समजलो. पाहुनीले नियम सांगत नाई कोनी, अन् मंग तिच्यावरच डोळा ठेवते."

मला ते फार लागलं. ज्याचा मी अभिमान धरून बसले होते तो विश्वास नव्हताच. त्यांनी मला नुसतं बाहेर ठेवलं होतं.

मी त्याच पावली खोलीवर गेले, काठी आणि डबी घेऊन आले. अध्यक्षानं ती आढ्याला बांधली, सगळ्या जाळ्यांच्या ओळीत. त्याच सभेत दोन नवे नियम झाले. जुना, कुजका तंगूस वापरायचा नाही, आणि माशाच्या तोंडात गळ राहिला तर त्याच दिवशी गावात सांगायचं. दुसरा नियम बोलून दाखवताना अध्यक्ष माझ्याकडे पाहत नव्हता, पण बाकी सगळे पाहत होते.

पुढच्या लसीकरणाला दारात पुन्हा पायताणांची गर्दी झाली. टोलीतली ती आई पोरीला दाखवायला घेऊन आली, पोर माझ्या स्टेथोस्कोपशी खेळली. बाईही कामावर येऊ लागली. रजिस्टर, रक्ताचे नमुने, गरोदर बायांची यादी, सगळं पूर्वीसारखं, फक्त कामाखेरीज एक शब्द नाही. लसीचा डबा ती आधीच उचलायची आणि माझ्याकडे देत नसे. पोळ्याला डोह उघडला. पूजा झाली, मला काठी परत मिळाली. पहिल्या रविवारी मी गेले आणि थोड्या वेळानं परत आले. एकटीला बसवेना.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं होतं. आम्ही दोघी एका दूरच्या पाड्याला निघालो होतो, जंगलातली चार-पाच किलोमीटरची पायवाट. अर्ध्या वाटेत बाई एका दगडाशी थांबली, डबा खाली ठेवला आणि विचारलं, "माह्याच बद्दल काऊन आलं तुमच्या मनात?"

उत्तर मी इतके महिने तयार करून ठेवलं होतं. ते सगळं निरुपयोगी वाटलं.

"तुम्हीच सगळ्यात जवळ होत्या," मी म्हटलं. "दुसरं कोणी मला इतकं माहीत नव्हतं."

तिनं पदरानं मान पुसली.

"माह्याही मनात आलं होतं," ती म्हणाली. "ठसा नाई दिसला तरी वाटत होतं, ही चप्पल काढून येत असन. एक दिवस तर अनवानी पाय दिसले, अन् मले आनंदच झाला. मंग पाह्यलं तं माहेच होते, आदल्या दिवसाचे."

मला हसू आलं. तिला आलं नाही, पण तिनं डबा उचलून माझ्या खांद्याला दिला. पाड्यावर एका नव्या बाळंतिणीचं घर होतं. बाळाचं वजन कमी भरत होतं, म्हणून आम्ही ते दोनदा केलं. एकदा मी काटा धरला, एकदा तिनं.